बुवांचा राहिलेला अंतरा : आमच्या भजन मंडळातल्या पोरांना खुलं पत्र

पोट्टेहो,

गुरुवारी प्रार्थना झाल्यावर देवळाच्या ओट्यावर तुमची बैठक बसली, तेव्हा मी खांबाला टेकून ऐकत होतो. बोललो नाही. चारचौघांत मला सुचायला वेळ लागतो, आणि तुमचा हुरूप इतका खरा होता की त्यावर पाणी टाकायचं जिवावर आलं. म्हणून हे पत्र. मंडळाच्या ग्रुपवर न टाकता ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो, कारण वर्धा नदीच्या अल्याड-पल्याड कितीतरी गावांत एखाद्या बुवाची कॅसेट अशीच कुणाच्या ट्रंकेत पडून आहे. आज ना उद्या तिथली पोरंही ती तालुक्याच्या स्टुडिओत घेऊन जाणार.

मंडळाला पन्नास वर्षं होतात. त्या निमित्तानं बुवांची जुनी कॅसेट पुन्हा काढायची, यूट्यूबवर टाकायची, पेनड्राइव्ह भरून घरोघरी द्यायचे, असं तुम्ही ठरवलं. फार चांगलं केलं. ती कॅसेट आम्ही काढली तेव्हा कपाशीच्या पहिल्या वेच्याचे पैसे तिच्यात घातले होते आणि यात्रेत सतरंजी अंथरून ती विकली होती. तिच्यावरची आठ भजनं तुमचीच आहेत. खुशाल काढा.

मला बोलायचं आहे ते नवव्याबद्दल. बुवांच्या घरच्या कॅसेटवर जे सापडलं, त्याबद्दल.

त्यात धृपद आहे, दोन अंतरे आहेत, आणि तिसऱ्याच्या जागी बुवा नुसते गुणगुणतात. तुम्ही म्हणालात, टेप खराब झाली असेल. मग स्टुडिओवाल्यानं सांगितलं की आठ भजनांतला आवाज यंत्राला शिकवला की तिसरा अंतराही बुवांच्याच गळ्यातून काढून देतो, शब्द तेवढे तुम्ही लिहून आणा. त्यावर एकजण म्हणाला, "काका, बीटल्सनं नाही का केलं एआयनं? ग्रॅमी पुरस्कार भेटला त्या गाण्याले." सगळ्यांनी माना हलवल्या, आणि विषय तिथेच मिटला.

बीटल्स, म्हणजे इंग्लंडचा तो चौघांचा बँड, मला अगदी परके नाहीत. अमरावतीला शिकत होतो तेव्हा खोलीतल्या मित्राजवळ त्यांची एक कॅसेट होती. इंग्रजी निम्मं कळत नसे, पण एकाच्या मागे दुसरा सूर कसा धरतो हे मी कान देऊन ऐकायचो, कारण भजनात माझं काम तेच होतं. त्या रात्री घरी आलो आणि भाचीला शेजारी बसवून त्या गाण्याची सगळी हकिगत वाचून घेतली. दोन रात्री त्यात गेल्या. तुम्ही दिलेला दाखला खरा आहे, पण तो तुमच्या बाजूनं साक्ष देत नाही.

त्या चौघांतल्या जॉन लेननने १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी पियानोवर बसून 'नाऊ अँड देन' हे गाणं एका साध्या कॅसेटवर गाऊन ठेवलं. ८ डिसेंबर १९८० ला त्याचा खून झाला. १९९४ मध्ये त्याच्या बायकोनं, योको ओनोनं, अशी काही गाणी पॉल मॅकार्टनीच्या हाती दिली. मागे राहिलेल्या तिघांनी, पॉल, जॉर्ज आणि रिंगोनं, त्यातली दोन पुरी केली. एक १९९५ मध्ये आलं, दुसरं १९९६ मध्ये. हे तिसरं मात्र अडलं. कॅसेटवर विजेची घरघर होती आणि पियानो लेननच्या आवाजावर चढत होता. शिवाय जॉर्ज हॅरिसनचं त्यात मन नव्हतं. तिघांतल्या एकाचं मन नाही म्हटल्यावर काम ठेवून दिलं गेलं. २००१ मध्ये जॉर्जही गेला.

पुढे पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाच्या माणसांनी बीटल्सच्या जुन्या चित्रफितींसाठी एक संगणक प्रणाली बनवली. एकाच टेपवर मिसळून गेलेले आवाज ती वेगळे काढते. तिनं लेननचा आवाज पियानोपासून सुटा करून दिला. मग २०२२ मध्ये पॉल आणि रिंगोनं आपापलं गाणंबजावणं त्यावर चढवलं, जॉर्जनं १९९५ मध्ये वाजवून ठेवलेली गिटार घेतली, आणि २ नोव्हेंबर २०२३ ला गाणं बाहेर आलं. आठच दिवसांनी त्यांचे १९७३ चे लाल आणि निळे संग्रह नव्यानं निघाले, त्यांतल्या निळ्यात ते घातलं.

आता बघा, यंत्रानं तिथे काय केलं? उफणणी केली. तुमच्या आज्यांनी खळ्यावर वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून सुपानं ज्वारी उफणली, तेव्हा दाणा पायाशी पडायचा आणि भुसा दूर जायचा. वाऱ्यानं एकही नवा दाणा तयार केला नाही. जून २०२३ मध्ये पॉलनं मुलाखतीत एआयचं नाव घेतलं तेव्हा लोकांना वाटलं, हे लेननचा खोटा गळा बनवताहेत. त्याला जाहीर सांगावं लागलं की यात कृत्रिम असं काहीही घडवलेलं नाही, जे ऐकाल ते आम्हीच गायलेलं-वाजवलेलं आहे. स्टुडिओवाला तुम्हाला जे देऊ करतो आहे ती उफणणी नव्हे. बुवांच्या वावरात त्यांच्या मागे दुसऱ्याचं बी पेरून पीक त्यांच्या नावानं बाजारात नेणं आहे ते.

आणि टेप खराब झालेली नाही. हे मी खात्रीनं सांगतो, कारण त्या रात्री टेपरेकॉर्डरचं बटण माझ्या बोटाखाली होतं.

पौषातली थंडी होती. बुवांच्या पडवीत आम्ही चौघंच. माझ्या मामाचा टेपरेकॉर्डर होता, त्याचा आतला पट्टा ढिला झालेला. सेल संपले म्हणून वायर ओढून विजेवर लावला. त्या दिवशी लाइन होती, हेच नवल. घरघर येणार हे माहीत होतं, पण सेल आणायला तालुक्याला कोण जाणार? माय, म्हणजे बुवांची बायको, चुलीपुढे चहा करत होती, तिच्या बांगड्या टेपवर ऐकू येतात. दुसऱ्या अंतऱ्यात गोठ्यातल्या बैलानं मान हलवली, ती घागरमाळही आहे. स्टुडिओवाला हे सगळं काढून टाकणार म्हणतो. लेननच्या कॅसेटवर अमेरिकेतली वीज घरघरते, सेकंदाला ६० फेऱ्यांची. आपली ५० ची. मला त्या दोन कॅसेटी एकाच घरच्या वाटतात.

बुवांनी दोन अंतरे गायले. तिसऱ्याला ते अडखळले नाहीत, थांबलेही नाहीत. डोळे मिटून, तोंड बंद ठेवून पूर्ण चाल गुणगुणले, समेवर आले आणि खंजेरी मांडीवर ठेवली. मी बटण दाबलं. मग म्हणाले, "चाल भेटली. शब्द नाही भेटून राह्यले. राहू दे, त्याची घाई नको." हे वाक्य कॅसेटवर नाही. चौघांतले दोघं आता नाहीत, तिसऱ्याला ते आठवत नाही. ते माझ्या एकट्याच्या कानात उरलं आहे, म्हणून हे पत्र मला लिहावं लागतं आहे.

त्यानंतर बुवा आठ वर्षं होते. त्या आठ वर्षांत त्यांनी नवी भजनं बांधली, पण हे पुन्हा कधी घेतलं नाही. मी दोनदा विचारलं. एकदा नुसते हसले. दुसऱ्यांदा म्हणाले, "येईन तवा येईन." म्हणजे ते गाणं त्यांनी अर्धं राहू दिलं. शब्द बरे नसतील तर गायचं नाही, हा त्यांचा नेम होता. त्यापायी आम्ही त्यांच्या किती शिव्या खाल्ल्या आहेत.

त्यात हा अंतरा शेवटचा. तुम्ही त्यांची आठ भजनं लहानपणापासून म्हणता, मग हे तुमच्या ध्यानात कसं आलं नाही? प्रत्येकात शेवटच्या अंतऱ्यात बुवांचं नाव येतं. तुकोबांपासून तुकडोजी महाराजांपर्यंत आपल्याकडे हीच रीत आहे: जो बोलला त्यानं शेवटी आपलं नाव घालून सांगायचं की हे मी बोललो, याचा जबाबदार मी. यंत्र बुवांच्या गळ्यातून तिसरा अंतरा गाईल तेव्हा ते बुवांचं नावही घेईल. तुम्ही लिहिलेल्या शब्दांखाली गेलेल्या माणसाची सही होईल. गावात राहता, सातबारा आणि स्टॅम्पपेपर तुम्हाला कळतात. मेलेल्या माणसाचा अंगठा कागदावर उमटवला तर त्याला आपण काय म्हणतो? शब्द कितीही चांगले असोत, अंगठा त्याचा नाही.

ही भीती यंत्राबरोबर आलेली नाही. हातानं पोथ्या उतरवायच्या काळातही ती होती. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ ला, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. ज्ञानेश्वरी होऊन तोवर जवळजवळ तीनशे वर्षं झाली होती आणि उतरवताना पाठ बिघडले होते. शुद्ध करून झाल्यावर नाथांनी बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजावं. नाथांना स्वतःला ओवी रचता येत नव्हती असं नाही. त्यांच्या भागवताच्या ओव्या घरोघर वाचतात. चांगली ओवी रचता येणाऱ्या माणसानंच हे बजावलं, याचं मला मोठं वाटतं. तुकोबांच्या बाबतीत तर 'तुका म्हणे' जोडून कितीकांनी आपले अभंग त्यांच्या पदरात घातले, आणि अभ्यासकांना ते एकेक करून निवडावे लागले. नरोटी एकदा ताटात मिसळली की काढणं कठीण.

मग नववं गाणं ट्रंकेतच ठेवायचं का? नाही. मला ते लोकांनी ऐकलेलं हवं आहे, तुमच्याइतकंच हवं आहे. कसं पुरं करावं, याचा धडाही त्या बीटल्सपाशीच आहे, फक्त तुम्ही चुकीचं गाणं धरलंत. १९९५ चं धरा, 'फ्री ॲज अ बर्ड'. त्या गाण्याच्या मधल्या कडव्याचे शब्द लेननने अर्धेच केले होते. उरलेले पॉल आणि जॉर्जनं लिहिले आणि आपापल्या आवाजात गायले. भाचीनं मला तीन वेळा ऐकवलं. लेननचा आवाज जुन्या टेपचा, जरा लांबून येणारा. तो थांबतो आणि पॉलचा आवाज जवळून लागतो. जोड कानाला लागते, आणि ती लागते म्हणूनच माझ्या पोटात कालवलं. मित्र निघून गेला आहे, त्याचं वाक्य अर्धं राहिलं आहे, आणि हा आपल्या तोंडानं ते पुढे नेतो आहे. श्रेयातही लपवालपवी नाही: मूळ गाणं लेननचं, आणि या रूपावर चौघांचीही नावं.

क्वीन नावाच्या इंग्लंडच्याच दुसऱ्या बँडचंही ऐका. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी १९९१ मध्ये आजारी असताना 'मदर लव्ह' गात होता. शेवटचं कडवं त्याच्यानं गाववलं नाही आणि त्याच नोव्हेंबरात तो गेला. १९९५ मध्ये गाणं आलं तेव्हा ते कडवं त्याच्या गिटारवाल्या मित्रानं, ब्रायन मेनं, गायलं. फ्रेडीसारखा गळा ब्रायनचा नाही आणि त्यानं तसा काढायचा प्रयत्नही केला नाही. आपलंही शेवटचंच कडवं राहिलं आहे, पोट्टेहो.

रोलिंग स्टोन्स या तिसऱ्या बँडची गोष्ट जराशी वेगळी. त्यांच्या १९७२ च्या 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट' या अल्बमची नवी आवृत्ती २०१० मध्ये निघाली, तेव्हा जुन्या अर्धवट ठेवलेल्या वाजवण्यावर त्यांच्या गायकानं, मिक जॅगरनं, नव्यानं शब्द लिहून गायले. 'प्लंडर्ड माय सोल'साठी बँड कधीचा सोडून गेलेला मिक टेलरही येऊन गिटार वाजवून गेला. तिथे माझं काही म्हणणं नाही. ज्याचं गाणं, तो जिवंत होता आणि स्वतःच्या तोंडानं गात होता. बुवा असते आणि सत्तरीच्या कापऱ्या आवाजात त्यांनी तिसरा अंतरा जोडला असता, तर मीच पेटी घेऊन धावलो असतो.

बैठकीत आणखी एक गोष्ट राहिली. मायला कुणी विचारलं नाही. ती देवळापासून चार घरांवर राहते. लेननचं गाणं हाती आलं ते त्याच्या बायकोनं दिलं म्हणून, आणि २०२३ मध्ये ते काढताना लेननच्या मुलाची आणि जॉर्जच्या बायकोचीही संमती होती. शुक्रवारी सकाळी मी मायकडे गेलो. काय ठरलं ते सांगितलं. तिनं विचारलं, "ते मशीन गाईन तवा त्याईचाच आवाज येईन?" मी हो म्हणालो. ती हातातली वात वळत राहिली. मग म्हणाली, "मंग त्यातला खरा कोनता, हे मले कसं समजन?"

मला उत्तर देता आलं नाही. तुमच्यातल्या कुणाला देता येत असेल तर त्यानं तिच्या ओसरीवर जाऊन द्यावं.

आता कामाचं बोलतो. कॅसेट स्टुडिओतून परत आणा. तिच्या माथ्यावर दोन कोपऱ्यांना प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे असतात, ते आधी मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. लग्नातली गाणी भरून आपल्या गावातले किती आवाज पुसले गेले, मोजदाद नाही. आतला स्पंजाचा तुकडा गळाला असेल तर बदलून घ्या, टेपच्या हेडवरची घाण स्पिरिटनं पुसा, आणि उगाच पुढे-मागे पळवू नका. एकदाच नीट लावून संगणकावर घ्या, पण एमपीथ्री करू नका, पूर्ण वेव्ह फाइल ठेवा. ती फाइल जशीच्या तशी, बांगड्या आणि घागरमाळेसकट, कायम राहिली पाहिजे. लेननच्या मूळ गाण्यातला एक तुकडा २०२३ च्या गाण्यात घेतलेला नाही. लोकांना ते कळलं, कारण त्याचं कच्चं गाणं आधीपासून त्यांच्या हाती होतं. आपल्याही लोकांच्या हाती ते असू द्या. कच्चंही पेनड्राइव्हवर घाला.

आणि घरघर पुसायची घाई करू नका, तिचं एक काम आहे. मामाच्या टेपचा पट्टा ढिला होता, म्हणून त्या रात्री टेप हळू फिरली. आता चांगल्या यंत्रावर लावली की ती पळते आणि आवाज चढा, बारीक लागतो. बुवांची पट्टी पेटीवरची काळी दोन होती. तुम्ही ऐकवलंत तेव्हा ती पांढरी तीनच्या आसपास लागली, हे मला ओट्यावरच जाणवलं. ती घरघर मुळात ५० फेऱ्यांची आहे. संगणकावर मोजाल तर जास्त भरेल. ती ५० वर येईपर्यंत वेग उतरवा, बुवा आपोआप आपल्या पट्टीत येतील. त्यानंतर हवी तेवढी उफणणी करा, यंत्रानं करा, मी आडवा येणार नाही.

तिसऱ्या अंतऱ्याला बुवांची गुणगुण अखंड ठेवा, तिच्यावर काही चढवू नका. ती संपली, ते समेवर आले, की मग तुम्ही लागा. शब्द तुम्ही लिहा. मी लिहिणार नाही; मी पेटीवाला आहे, आणि माझ्या वयाच्या माणसानं लिहिले तर ते बुवांची नक्कल होतील. चांगले नसतील तर पुन्हा लिहा, बुवांच्या हाताखालून गेल्यासारखे लिहा. शेवटच्या ओळीत बुवांचं नाव नको. स्वतःचं घालायचं धाडस असेल तर घाला, नाहीतर मंडळाचं घाला. आणि वर लिहा: इथवर बुवा, इथून पुढे आम्ही.

मायनं निघताना बुवांची वही माझ्या हातात दिली. या भजनाच्या पानावर दोन अंतरे पेन्सिलीनं लिहिलेले आहेत आणि त्यांच्याखाली चार ओळींची जागा कोरी आहे. "पोट्ट्याइले दाखव," ती म्हणाली, "पन त्यात लिहू नोको म्हना." नवा कागद तुम्हीच आणा. येत्या गुरुवारी प्रार्थनेनंतर वही घेऊन ओट्यावर बसतो. पेटीची काळी दोन अजून सुरात आहे, मी काल पाहिली. येताना खंजेरी घेऊन या.

तुमचा,
पेटीवाला काका